आधी बाटलीला विचारा

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात. मला जमणार नाही. कंट्रोलर साहेब होते तेव्हा रांगेत त्यांचं डोकं दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची, आणि आता ते नाहीत तरी त्यांची आठवण निघाली की आधी रागच येतो. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

ते एसटीत कंट्रोलर होते. म्हणजे बसस्टँडच्या खिडकीत बसून गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली ते लिहायचं आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या. सगळी नोकरी त्यातच गेली. निवृत्त झाले, पण आवाज काही घरी बसायला तयार नव्हता. साधा 'राम राम' असा घालायचे की ऐकणाऱ्यानं घाबरून सामान उचलावं. मी तिथल्याच सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट, औषधाच्या खिडकीतली. तालुक्याचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्हा, कापसाचा मुलूख, एवढं पुरे. पुढचं वाचून कुणी दवाखाना शोधायला निघावं असं मला वाटत नाही. शोधायचंच असेल तर मी आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते इन्सुलिन घ्यायला आले. मी बाटली दिली. त्यांनी ती दोन तळव्यांच्या मधे धरून वात वळतात तशी हळूहळू फिरवली, मग उजेडाकडं धरली, मग उलटी केली, मग पुन्हा फिरवली. मागं पंचवीस माणसं उभी. कुणाचा ताप, कुणाचा खोकला, एका बाईच्या कडेवर रडतं मूल.

"साहेब, एक्सपायरीची तारीख बघताय ना? ती वर छापली आहे," मी म्हटलं.

"थे तारीख कंपनीची हाय, बाई," ते बाटलीवरची नजर न हलवता म्हणाले. "मले तुमची पाह्याची हाय."

मला काही कळलं नाही. अपमान झाला एवढं मात्र कळलं.

साहेबांना वयाच्या नवव्या वर्षापासून मधुमेह होता. त्या काळात आमच्या भागात असं मूल जगत नसे, आणि जगलं तरी त्याला कुणी शाळेत घालत नसे. हे जगले, शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं, आणि या सगळ्याचा हिशेब जगाकडून वसूल करायचा असल्यासारखे वागले. पंगतीत बसले की पान वाढलं जात असतानाच सिरिंज काढायचे, सदरा वर करून पोटात टोचायचे आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असं 'बारा युनिट' म्हणून जेवायला सुरुवात करायचे. शेजारी बसलेली नवरदेवाची मावशी असली तरी तेच. कुणी 'तुमची शुगर कशी आहे' असं प्रेमानं विचारलं तर म्हणायचे, "तुमचं काय काम हाय तिच्याशी?"

आणि ते पायजमा वर करणं! त्या एका सवयीपायी तालुक्यातल्या निम्म्या बायका त्यांच्या समोरून जायच्या नाहीत.

त्याचं असं होतं. ते लहान होते तेव्हा इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं, आणि त्यात नको ते बरंच काही राहून जायचं. ते अशुद्ध औषध जिथं टोचायचे तिथली चरबी झडून मांडीत खड्डे पडायचे. साहेबांच्या दोन्ही मांड्यांना तसे खड्डे होते. पुढं ते एसटीत लागले त्या सुमाराला नागपूरच्या डॉक्टरनं त्यांना नवं, खूप शुद्ध केलेलं इन्सुलिन सुरू केलं. ते तेव्हा आमच्याकडं मिळतच नव्हतं. नागपूरहून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या सीटमागं थर्मास ठेवून ते आणायचा, आणि त्या दिवशी गाडी उशिरा आली तर कंट्रोलर खिडकी सोडून फाटकात जाऊन उभा राहायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं की हे नवं औषध खड्ड्यांच्या कडेला टोचत जा, खड्डे भरून येतील. साहेबांनी उजव्या मांडीत टोचलं. उजवी मांडी हळूहळू भरली. डाव्या मांडीत त्यांनी मुद्दाम टोचलं नाही.

"काहून?" असं मी एकदा न राहवून त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पुरावा पाह्यजे ना, बाई," ते म्हणाले.

तो पुरावा ते कुठंही दाखवायचे. खिडकीपुढच्या रांगेत एखादा म्हातारा कुरकुरला, की इंजेक्शन नको, ते डुकराचं असते म्हणतात, की साहेब तिथंच पायजमा मांडीपर्यंत गुंडाळायचे. डाव्या मांडीतल्या एका खड्ड्यात खिशातली सुपारी ठेवून दाखवायचे. ती पडायची नाही. "हे जुन्या औषधाचं," म्हणायचे. मग उजव्या मांडीवर थाप मारायचे. "अन् हे शुद्ध औषधाचं. आता ना गाय, ना डुक्कर. जिलेबीच्या पिठात असते ना खमीर, तसल्या खमिरात बनवतात आता. घ्या बिनधास्त." म्हाताऱ्याला पटायचं की नाही माहीत नाही, पण समोरची मांडी झाकली जावी म्हणून तरी तो 'हो' म्हणायचा.

'शुद्ध' हा शब्द ते फार सावकाश उच्चारायचे. दुसरं कुणी तुपाबद्दल बोलतं तसं हा माणूस इन्सुलिनबद्दल बोलायचा. आजूबाजूच्या तांड्यांवर, खेड्यांत ज्याच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्याच्या घरी हे न बोलावता जायचे. मोठ्या मडक्यात ओली रेती, रेतीत छोटं मडकं, छोट्या मडक्यात बाटली, असं बसवून द्यायचे आणि मग अचानक तपासायला यायचे. रेती कोरडी दिसली की घरधन्याला ऐकवायचे, "तुमचं डोकं गरम झालं त चालते. हे नाही चालत." लोक चहा विचारायचे, हे बिनसाखरेचाही घ्यायचे नाहीत. लोक त्यांना येडा म्हणायचे. मीही म्हणायचे. उगाच कशाला लपवू.

दवाखान्यात आम्हाला सगळ्यांना एक वाक्य तोंडपाठ होतं. साखर कमी झाली नाही की पेशंटला म्हणायचं, 'खाण्यात गडबड करताय.' डॉक्टर म्हणायचे, सिस्टर म्हणायची, मीही म्हणायचे. बहुतेक वेळा ते खरं असायचं, त्यामुळं ते खोटं असू शकतं हे आमच्या लक्षातच राहिलं नव्हतं. साहेबांना या वाक्याची चीड होती. कुठल्याही पेशंटला मी ते म्हणाले की रांगेतून आवाज यायचा, "पेशंट खोटं बोलते म्हनाच्या आधी बाटलीले विचारा!" सगळी रांग हसायची. मी खिडकीचं अर्धं दार लावून घ्यायचे.

आता ती पोरगी.

बारा-तेरा वर्षांची, जवळच्या तांड्यावरची. बंजाऱ्यांचा तांडा, घरची शेती, बाप सकाळीच रानात गेलेला असायचा म्हणून आई घेऊन यायची. वर्षभर तिचं छान चाललं होतं. त्या उन्हाळ्यात मात्र बिघडलं. मे महिन्यात आली तेव्हा साखर पाचशेच्या वर. गाल बसलेले, ओठ कोरडे, सारखं पाणी पाणी. डॉक्टरांनी डोस वाढवला. पंधरा दिवसांनी आली तर आणखी वाईट.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काहीच नाही खाल्लं."

"चोरून?"

"नाही वो मॅडम."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणाले, "बाळा, खोटं बोलून आजार बरा होत नसतो." वर 'बाळा' म्हणाले. आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिच्या कार्डावर लाल शाईनं 'पथ्य पाळत नाही' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. लांबून वाचता येतं.

तिसऱ्या खेपेला आई एकटीच बोलत होती, पोरगी भिंतीला टेकून खाली बसली होती. आई म्हणाली, "मॅडम, आता तुमीच सांगा काय करू. तुमच्या कागदावर लिवलं हाय म्हनून हिच्या बापानं हिले देवळाच्या ओट्यावर नेलं. नायकापुढं, साऱ्या तांड्यापुढं हिनं देवाची आन घेतली, का मी गोड खाल्लं नाही. साऱ्यांयनं आयकलं. अन् चार दिवसानं तुमचीच सिस्टर तांड्यावर आली, तिच्या मशीनवर शुगर अजून चढलेली निंगाली. आता हिले खोटी आन घेनारी म्हनतात. माह्या सासूनं हिच्या हातचं पानी सोडलं. बरोबरीच्या पोरी संग बसत नाही. मी बी मारलं हिले, मॅडम. दोन डाव मारलं."

आणि मी, एवढं ऐकूनही, कपाटातून पुढच्या महिन्याची बाटली काढायला वळले.

"थांबा," रांगेतून आवाज आला. साहेब तो महिनाभर लोहाऱ्याला मुलाकडं होते, त्या दिवशीच परत आले होते. ते पुढं झाले, मला नाही, त्या बाईला म्हणाले, "घरची बाटली आनली काय?"

तिनं पिशवीतून एक गडवा काढला, गडव्यात ओलं फडकं, फडक्यात बाटली. इतकं नीट आमच्या दवाखान्यातसुद्धा कुणी ठेवत नव्हतं. साहेबांनी बाटली तळव्यात वळली आणि उजेडात धरली. हे इन्सुलिन पातळ दुधासारखं दिसतं, वळलं की एकसारखं व्हायला हवं. ते एकसारखं होईना. आतून काचेला पांढरे कण चिकटले होते, फाटलेल्या दुधासारखे. मला ते खिडकीच्या आतून दिसले. महिनाभर ते दिसू शकले असते, मी पाहिलं असतं तर.

"हे तुमच्या घरी नाही मेलं, बाई," साहेब तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "फ्रिज दाखवा."

"बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही."

ते दार ढकलून आत आले.

लसींचा फ्रिज आमच्याकडं वेगळा होता, त्याला जनरेटर, त्याला कुलूप, त्याची तपासणी. इन्सुलिन मात्र साध्या घरगुती फ्रिजमधे असायचं, आमच्या डब्यांबरोबर, दह्याबरोबर, पाण्याच्या बाटल्यांबरोबर. त्या मे-जूनमधे दुपारी चार-पाच तास वीज नसायची. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. मी आपलं शहाणपण करून फ्रिजचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं होतं. मनात म्हटलं, वीज आहे तोवर जितकं गार होईल तितकं बरं, औषधालाही आणि आपल्या पाण्यालाही. इन्सुलिनच्या बाटल्या मागच्या पत्र्याला टेकलेल्या, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली. रोज रात्रभर गोठायच्या, रोज दुपारी वितळायच्या. इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही घेतले होते. पण उन्हाळ्यात आमच्याकडं सगळ्यांना भीती एकाच गोष्टीची असते, उष्णतेची. गारठ्यानं काही मरेल हे डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी माझी पाण्याची बाटली बाहेर काढली. आत बर्फाचा गोळा खडखडला. ती त्यांनी टेबलावर ठेवली. मग त्यांची नजर फ्रिजच्या मुठीला सुतळीनं बांधलेल्या वहीवर गेली. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ फ्रिजचं तापमान लिहायचं असतं.

त्या दिवशी जूनची बारा तारीख होती. माझ्या सुंदर अक्षरात महिनाअखेरपर्यंतचे आकडे भरलेले होते. मी दर एक तारखेला बसून पूर्ण महिना भरून टाकायचे. सगळेच असं करतात असं मी ऐकलं होतं, आणि ते ऐकणं मला सोयीचं होतं.

"मी सारी जिंदगी टायमाच्या नोंदी केल्या, बाई," ते म्हणाले. "गाडी यायच्या आधी 'आली' लिवनारे लय पाह्यले." आणि मग त्यांनी वही हातात धरून, दारात उभं राहून, बसस्टँडवरच्या त्या आवाजात पुकारायला सुरुवात केली. "तेरा तारीख, सकाळ, चार डिग्री! तेरा तारीख, संध्याकाळ, चार डिग्री! चौदा तारीख, सकाळ, चार डिग्री!" रांगेतले लोक आधी हसले, मग त्यांना समजलं. साहेब तीस तारखेपर्यंत वाचत राहिले. एवढं कशाला करायचं होतं? मला एका बाजूला घेऊन दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण नाही. त्या दिवसासाठी मी त्यांना कधी माफ केलेलं नाही.

दवाखान्याचे प्रमुख, मोठे डॉक्टर, बाहेर आले. त्यांनी बाटलीवरची तारीख पाहिली, अजून वर्षभर बाकी होती. "तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यांनी साहेबांना विचारलं. "औषध सरकारी पुरवठ्याचं आहे. तारखेत आहे. उगाच लोकांत भीती पसरवू नका."

साहेबांनी खांद्याला लटकवलेल्या थर्मासमधून लोहाऱ्याहून आणलेली आपली स्वतःची जादाची बाटली काढून त्या बाईच्या गडव्यात ठेवली. "आजपासून हे टोचा. जुनाच डोस, वाढवलेला नाही." डॉक्टरांना म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता आले. थर्मास, साखर मोजायचं मशीन, फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या आणि तुरीच्या डाळीचं वरण. औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "त्या फ्रिजातली एक बाटली द्या."

मी दिली. काय होणार आहे हे मला कळलं होतं आणि तरी मी दिली. खरं सांगायचं तर मला ते खोटे ठरायला हवे होते. सगळ्या रांगेपुढं.

त्यांनी साखर मोजली, खडूनं फरशीवर लिहिली. आमच्या बाटलीतून आपला रोजचा सकाळचा डोस भरला, टोचला, आणि रोजचा नाश्ता केला. मग हातातल्या घड्याळाकडं पाहत बसले. दर तासाला बोटाला टोचायचं, फरशीवर लिहायचं आणि पुकारायचं. "नऊ वाजून दहा मिनिटं, दोनशे साठ!" "दहा वाजून दहा मिनिटं, तीनशे तीस!" लोक औषध घेऊन झालं तरी घरी जाईनात. अकराच्या आकड्यानंतर त्यांचा आवाज बसला. ओठांना पांढरी चिकटी आली. उठून भिंतीपर्यंत गेले आणि उलटी केली.

मी खिडकी सोडून बाहेर गेले. "साहेब, पुरे. तुमचं औषध घ्या. मी हात जोडते."

"मले कायले सांगता? त्याहीले बोलवा."

मोठे डॉक्टर आले. फरशीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग खाली वाकून बाकावरची बाटली उचलली, तळव्यात फिरवली आणि उजेडाकडं धरली. माझ्या नोकरीत त्या दवाखान्यातल्या कुणी असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा कुठं साहेबांनी थर्मासमधलं औषध घेतलं.

मला वाटलं होतं, आता हा माणूस जिंकल्यासारखा हसेल. ते रडत होते. रागानं रडत होते, आणि रडत असल्याचाही राग येत होता त्यांना. "मले तीन घंट्यात उलटी झाली," ते म्हणाले. "थे पोरगी महिनाभर अशी हिंडली. तिनं देवापुढं खरं सांगतलं, अन् तुमी तिले खोटी पाडलं. इतकं शुद्ध औषध बनवलं लोकायनं! कारखान्यातून शुद्ध निंगालं, नागपूरवरून शुद्ध आलं, अन् तुमच्या पान्याच्या बाटलीशेजारी येऊन मेलं."

पुढं जे व्हायचं ते झालं. सगळ्या बाटल्या फेकल्या, ज्यांना दिल्या होत्या त्यांना बोलावून बदलून दिल्या, नवा फ्रिज आला, त्यावर 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी पाटी लागली. पोरगी दोन आठवड्यांत बाळसं धरायला लागली. चौकशी झाली. कारण लिहिलं गेलं, 'वीजपुरवठ्यातील बिघाड'. खाली मी सही केली. बिचाऱ्या वीज मंडळाला कुणी विचारलंही नाही.

साहेबांनी कुठं तक्रार केली नाही. मला म्हणाले, "मले तुमची नौकरी नाही घ्याची. त्या तांड्यात जा. ज्या ओट्यावर पोरीनं आन घेतली त्या ओट्यावर उभं राहून सांगा, का चूक औषधाची होती, अन् थे तुमी केली."

मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वेड्या आहात का? तोंडी कबुली दिली तरी अंगाशी येईल. पोरगी बरी आहे ना? मग विषय संपला." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर विचारायला गेले होते.

तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलेनासे झाले. दर महिन्याला यायचे, बाटली घ्यायचे, वळायचे, उजेडात धरायचे. मग खिडकीत वाकून एवढंच विचारायचे, "गेलत्या काय?"

"नाही."

आणि चालू पडायचे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. एकदा मी भडकले. "तुम्हीच जाऊन सांगा ना! तुम्हाला सगळं माहीत आहे, तुमचा आवाजही मोठा आहे."

"सांगतलं," ते म्हणाले. "चार डाव सांगतलं. पन मी येडा हावो, बाई. अन् तिच्या कार्डावर लाल शाईनं लिवलेलं हाय. कागद खरा का येडा खरा? थे म्हनतात, औषध बदललं म्हनून शुगर उतरली, पन आन घेतली तवा पोरगी खोटीच होती. तिची आजी अजून तिच्या हातचं पानी पेत नाही." त्या दिवशी त्यांचा आवाज साधा होता. मला तो ओळखू आला नाही.

दिवाळीनंतर ते आले नाहीत. लोहाऱ्याला मुलाकडं होते, किडन्या गेल्या होत्या. थंडीत बातमी आली. दवाखान्यात चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "जन्मभर सुया टोचून घेतल्या, शेवटी सुयांनीच नेलं." मी हातातला कप इतक्या जोरात ठेवला की बशी फुटली. अहो, नऊ वर्षांचं पोर साठी ओलांडून गेलं ते त्या सुयांवर! नोकरी केली, नातवंडं पाहिली, गावाला शिव्या दिल्या, ते त्या सुयांवर! एवढं बोलून मी रडले नाही. घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

तांड्यावर पोहोचले तेव्हा दुपार होती. अंगणात पोरीची आई तुरीच्या काड्या बडवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बटण, बर्फ, वही, लाल शाई. तिच्या हातातलं दांडकं खाली आलं नाही.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मी त माय हाय. मी मारलं बी अन् जवळ बी घेतलं. तिले सांगा."

पोरगी आतून आली. वीतभर उंच झाली होती, गाल भरले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती रडली नाही, चिडली नाही. नुसतं विचारलं, "कार्डावर कोनी लिवलं होतं?"

"मी."

"मंग चाला."

ती पुढं, मी मागं. आईनं हाका मारून लोक गोळा केले. तांड्याचा नायक आला, तुरीत काम करणाऱ्या बाया डोक्यावरचे पदर सावरत आल्या, पोरीचा बाप बैल सोडून आला. आजी सगळ्यांच्या मागं, काठी टेकून उभी. देवळापुढच्या ओट्यावर मी चढले. नायक म्हणाला, "बोला, मॅडम."

मी बोलले. या मुलीनं काही खाल्लं नव्हतं, तिनं खरी आण घेतली होती, औषध मी खराब केलं होतं. ओट्याच्या दगडाकडं पाहून बोलले. चार वाक्यांत संपलं आणि मी उतरायला पाय खाली टाकला.

पोरगी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती आजीकडं पाहत होती.

"मांगच्याइले आयकू नाही गेलं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

मी पाय वर घेतला, मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.